फिरून घरी येणारी वाट

"चपला घाला, शेठ."

नमस्कार नाही, चमत्कार नाही. दुकानाच्या पायरीवर एक पाय ठेवून ते एवढंच म्हणायचे. मी गिऱ्हाइकाला खिळे तोलून देत असो की चहाचा कप तोंडाला लावलेला असो, त्यांना फरक पडत नसे. त्यांची नजर थेट गल्ल्याखाली काढून ठेवलेल्या माझ्या चपलांवर असायची.

असा एखादा माणूस तुमच्याही ओळखीत असेल. आपल्याला सापडलेली गोष्ट दुसऱ्याला दाखवल्याशिवाय ज्याला चैन पडत नाही, असा. आमच्याकडचे हे गृहस्थ त्यातले. नाव सांगत नाही. आमच्या पाली गावात सगळे त्यांना तात्या म्हणायचे, तेवढं पुरे.

तात्या आणि काकी, म्हणजे त्यांची बायको, अर्धं आयुष्य ऊसतोडीला गेले. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादम माणसं मोजत नाही, कोयते मोजतो. हा कोयता दिवाळीनंतर गाव सोडायचा आणि उन्हाळा तापला की परत यायचा. भावांच्या वाटणीत तात्यांना डोंगराच्या पोटाचा एक बरड तुकडा आला होता. नांगरायला कोणी घरी नसल्यामुळे त्यात सीताफळं, पळस, कडुलिंब, बोरी, बाभळी आपल्या आपण वाढल्या आणि चांगलं दाट रान झालं. पुढे मुलाला पुण्यात नोकरी लागली, त्यानं दोघांची ऊसतोड बंद केली, आणि तात्यांच्या हाताला काम उरलं नाही. रिकामा तात्या म्हणजे गावाला ताप, असं मी तेव्हाच म्हणालो होतो.

एकदा पुण्याहून आले ते तडक माझ्या दुकानात. चपला घालायला लावल्या आणि डोंगराच्या पायथ्याशी नेऊन उभं केलं.

"ही बघा वाट. हितून वर जाती. त्या पळसाला वळसा. मंग उतार. हितं बसायला दगड."

मला काटे, धोंडे आणि एक शेळी दिसत होती.

"तात्या, ही वाट जाते कुठं?"

"कुठंच न्हाई. फिरून घरी."

असं सांगताना त्यांचा चेहरा नुसता फुलला होता.

आमच्याकडे वाट म्हटली की ती विहिरीला जाते, शेताला जाते, नाहीतर देवाला. नुसती फिरायला वाट कोणी पाडत नाही. पारावर बसणाऱ्यांना आयता विषय मिळाला. "तात्या, फिरून घरीच यायचं तर घरीच बसा की," असं एकजण म्हणाला. दुसरा त्याला म्हणाला, "गप बस बे, डोंगराची वेणी घालायलेत ते." तात्या त्यांच्याबरोबर हसायचे आणि पहार खांद्यावर टाकून चालू पडायचे.

एक पण त्यांनी केला होता. झाड तोडायचं नाही. झाड आडवं आलं की वाट वळणार. त्यामुळे वाट सरळ अशी कुठेच नव्हती. कडेला दगड लावले, उताराला पायऱ्या काढल्या, डोळ्यात जाणाऱ्या फांद्या त्याच जुन्या ऊसतोडीच्या कोयत्यानं छाटल्या. रोज काहीतरी सापडायचं आणि रोज माझ्या चपला निघायच्या. आज मोराचं पीस, उद्या घोरपडीचं बीळ. एकदा तर धापा टाकत आले आणि भर गिऱ्हाइकात माझं मनगट धरलं.

"शेठ, पाणी दिसतंय."

वरच्या वळणावर दोन लिंबांच्या मधून खाली बिंदुसरेचं धरण दिसत होतं. जन्मभर ज्या धरणाच्या काठानं मी गेलो, ते तिथून काही वेगळंच दिसलं, निळं आणि शांत. माझ्यासारखा खुर्ची न सोडणारा माणूस तिथे बराच वेळ उभा राहिला. खोटं कशाला बोलू, मीही हरखून गेलो होतो.

तिथेच त्यांनी खरी गोष्ट सांगितली.

"पुण्यात पोराकडं गेलतो ना, तिथं टेकडीवर बाया फिरताना बघितल्या. आमच्या हिच्याच वयाच्या. हात हलवत चालत होत्या, शेठ. हातात काय न्हाई, डोक्यावर काय न्हाई. मी घरात येऊन हिच्याकडं बघितलं. इतकी वर्सं संसार केला, पण हिला मोकळ्या हातानं चालताना मी कधी बघितलीच न्हाई. उसाची मोळी, न्हाईतर हंडा, न्हाईतर सरपण."

म्हणजे वाट काकींसाठी होती. आणि काकी वाटेवर पाय ठेवायला तयार नव्हत्या.

"मोकळ्या हातानं फिरायला मी काय पाहुनी हाय?" त्या म्हणाल्या. "लोक काय म्हणतील?" तात्यांनी फार गळ घातली तेव्हा एकदा गेल्या, आणि थोड्याच वेळात डोक्यावर सरपणाचा भारा घेऊन आल्या. "चांगली वाट केली," म्हणाल्या, "वाळकी लाकडं लई हायत." तात्या माझ्या दुकानात येऊन बसले. त्या दिवशी चपला निघाल्या नाहीत.

पुढचा घोटाळा माझ्या दुकानातून सुरू झाला. वळणावरच्या दगडांना खूण करायला त्यांना रंग हवा होता. माझ्याकडे नारिंगी ऑइलपेंटचा एक चेपलेला डबा पडून होता, तो मी त्यांच्या गळ्यात मारला. पहिला दगड रंगवला तो धरणाचं पाणी दिसतं त्याच्या जरा अलीकडे, पळसाखाली. छान उभट दगड होता. रंगवून तात्या जेवायला गेले. दोन-चार दिवसांनी बघतात तर दगडापुढे नारळ फोडलेला, हळदीकुंकू वाहिलेलं, आणि मेंढरं घेऊन चाललेली एक बाई हात जोडून उभी.

"आगं बाई, ती वळणाची खूण हाय. रंग मी दिलाय."

"आसंल की," ती म्हणाली. "द्येव काय सोता रंग लावून घेतो का?"

तात्या दगड खरवडायला पत्र्याचा तुकडा घेऊन निघाले, तर काकी दारात आडव्या आल्या. "आवं, डोकं ठिकाणावर हाय का? पूजा झालेला दगड खरवडतेत व्हय?" बाकीचे दगड बिनरंगाचे राहिले आणि हा म्हसोबा झाला.

तात्या पुन्हा माझ्या दुकानात आले, पण डोळ्यांत भलतीच चमक.

"शेठ, वाट देवाला जाती आता. ती येनार."

मग त्यांनी तयारी केली ती बघायला हवी होती. देवापासून पुढच्या अर्ध्या वाटेवरची वाळकी काटकी न् काटकी त्यांनी वेचून नेली. काकींना सांगितलं, ह्या देवाला आल्या पावली परत फिरायचं नसतं, वाट पुरी करायची, तीच प्रदक्षिणा. आणि पाण्याचा तांब्या तिथंच ठेवायचा, उद्याला लागतो. देवाचे हे सगळे नियम आदल्या दिवशी माझ्या दुकानात बसून ठरले होते.

सकाळी आम्ही दोघे सीताफळाच्या झुडपाआड दडून बसलो. मुंग्या चावत होत्या, माझं पोट गुडघ्यांना लागत होतं. काकी आल्या. नारळ वाहिला, पाणी घातलं, तांब्या ठेवला. परत फिरायला वळल्या, थबकल्या, आणि पुढच्या वाटेला लागल्या.

त्यांना हातांचं काय करावं ते कळेना. एक हात पदराला गेला, मग कमरेवर. मग उजवा हात आपोआप वर डोक्याकडे गेला, मोळी धरायला जातो तसा. तिथे काहीच नव्हतं. हात हळूच खाली आला. थोडं पुढे गेल्यावर दोन्ही हात हलायला लागले. वरच्या वळणावर त्यांना पाणी दिसलं आणि त्या कितीतरी वेळ बघत राहिल्या.

तात्यांनी माझं मनगट गच्च धरलं होतं. "हात बघा, शेठ," ते कुजबुजले, "हात बघा." मी बघत होतो, पण डोळ्यांत पाणी आल्यामुळे नीट दिसत नव्हतं.

त्यानंतर काकी रोज जायला लागल्या. पुढे पुढे नारळ असो नसो.

तात्या गेल्या हिवाळ्यात गेले. सकाळी वाटेवरून फिरून घरी आले, ओट्यावर टेकले आणि तसेच राहिले. मला त्यांची आठवण रोज येते, चपलांकडे लक्ष गेलं की जास्तच येते. मुलगा काकींना पुण्याला चला म्हणत होता. काकी घराबाहेर पडेनात. पावसाळ्यात वाटेवर घाणेरी आणि वेडी बाभूळ माजली, पायऱ्या दिसेनाशा झाल्या. चला, संपली वाट, असं मी धरून चाललो होतो.

परवा शटर वर करतो तर पायरीवर काकी. हातात तोच कोयता.

"चपला घाला, शेठ."

चपला माझ्या पायातच होत्या.

"अर्धाच कोयता उरलाय आता," त्या म्हणाल्या. "लई काम व्हनार न्हाई. पर देवापतुर तरी साफ करू."

दुकान तसंच टाकून मी निघालो. त्या काटे तोडत होत्या, मी ओढून बाजूला टाकत होतो. ऊन चढता चढता पळसाखालचा नारिंगी दगड दिसला; त्याच्यापुढच्या खडकाळ वाटेवर काटे फारसे माजले नव्हते. काकींनी कपाळाचा घाम पुसला. कोयता पळसाच्या बेचक्यात अडकवला. आणि मागे वळून न बघता, दोन्ही हात हलवत, त्या पाण्याकडच्या वळणाला लागल्या.