खांद्याला कान लावणारे सर

दुखायच्या आधीच ज्याला खांदा ऐकू येतो, असा माणूस अख्ख्या नगर जिल्ह्यात एकच, आणि तो म्हणजे माझ्या मुलीचे बॅडमिंटनचे सर. राहात्यात कांद्याच्या जुन्या गोदामात त्यांचं कोर्ट आहे. सरावाआधी प्रत्येकाने पाण्याने भरलेला तांब्या हात लांब करून धरायचा. सर आधी पाण्याकडे बघणार, मग डोळे मिटून खांद्याच्या मागे कान लावणार. पुढे जोर असला आणि मागे आधार नसला की खांदा बोलतो, असं त्यांचं म्हणणं. स्वतः भांग मात्र डाव्या हाताने पाडतात, कारण उजवा कानाच्या वर जात नाही. एका लग्नात त्यांनी हलगीवाल्याच्या खांद्यावर सहज हात ठेवला आणि उद्या वाजवू नकोस म्हणाले. त्याने वाजवलीच. तिसऱ्या दिवशी त्याचा हात गळ्यातल्या झोळीत. तेव्हापासून सर हॉटेलात शिरले, की भलेभले खांदा भिंतीला टेकवून बसतात. मीही बसायचो.

राज्य स्पर्धेच्या निवड चाचणीच्या आदल्या दिवशी मुलीच्या तांब्यातलं पाणी थरथरलं. सरांनी बराच वेळ कान लावला. मग मला बाजूला घेऊन म्हणाले, "दादा, उद्या पोरीला खेळवू नका. खांदा बोलतोय."

मी तडकलो. पोरीने वर्षभर पहाटे उठून घाम गाळलेला, आणि हे तांब्यात बघून भविष्य सांगणार. मी तिला खेळवलं. सर आले ते बर्फाचा डबा मांडीवर घेऊनच बसले. तो डबा कशासाठी आहे हे मला कळलं, तरी मी तिला थांबवलं नाही. तिसऱ्या गेममध्ये तिने स्मॅश मारला आणि एवढ्या गोंगाटात मला बारीकसा 'टक्' ऐकू आला. रॅकेट खाली पडायच्या आधीच सर उठले होते. बर्फ धरता धरता एवढंच म्हणाले, "माझाबी बोलला हुता. मी ऐकलं न्हाई." त्यांनी मला बोल लावला नाही, तेच जास्त लागलं.

आठ महिने त्यांनी तिच्याकडून रोज रबरी पट्टी ओढून घेतली. येत्या रविवारी ती पुन्हा कोर्टवर उतरणार आहे. काल सरांनी कान लावला आणि हसून म्हणाले, "शांत हाय." मला रडूच आलं. पण हल्ली सरांना तीन-तीन हाका माराव्या लागतात, खिशातला मोबाईल वाजत राहतो आणि ते बघतही नाहीत. खांदा शांत झालाय की सरांचा कान, हे विचारायची माझी हिंमत होत नाही. मी आपला तांब्यातल्या पाण्याकडे बघत बसतो.