मालेगावच्या अलीकडे बंद पडलेला पंखा

इंदिरानगरातून गाडी निघाली तेव्हा सकाळचे दहा वाजून गेले होते. मे महिन्यात मालेगावच्या वाटेला लागायची ही वेळ नव्हे. पण सासूबाईंना नर्मदेवर नेसायचं हिरवं लुगडं सापडत नव्हतं आणि त्याशिवाय त्या जिना उतरायला तयार नव्हत्या.

आम्ही तिघेच होतो. ऐंशी वर्षांच्या सासूबाई, माझे पती विलासराव आणि मी. गाडी म्हणजे जुनी टेम्पो ट्रॅव्हलर. तिच्यातल्या खुर्च्या काढून आम्ही दोन पलंग, शेगडी, छोटा फ्रिज आणि एसी बसवला होता. सुतारकाम विलासरावांचं, वायरिंग माझं. अंबडच्या एका कारखान्यात तीस वर्षं मी विजेच्या मोटारींचं वाइंडिंग केलं, तेव्हा हे काम दुसऱ्या कोणाच्या हाती द्यायला मन धजेना. सासूबाईंना महेश्वरला नर्मदेत स्नान करायचं होतं. उन्हाने त्यांना चक्कर येते, म्हणून डॉक्टरांनी एकच अट घातली होती. गाडी आतून थंड राहिली पाहिजे.

पिंपळगावपर्यंत दोन्ही बाजूंना छाटलेल्या द्राक्षवेलींची कोवळी फूट दिसत होती. चांदवडला डोंगराच्या पायथ्याशी आम्ही डबा उघडला. मेथीचे धपाटे, दही आणि शेंगदाण्याची चटणी. सासूबाई पलंगावर मांडी घालून जेवल्या आणि खिडकीतून डोंगर बघत म्हणाल्या, “राणीसारखं चाललंय माझं.”

उमराणे मागे पडलं आणि एसीचा वारा आधी कोमट झाला, मग गरम. मी तापमान कमी करून पाहिलं, जाळी काढून झटकली, काही फरक पडला नाही. सासूबाईंच्या कपाळावर घाम साचला. “जरा गरगरतंय,” त्या हळूच म्हणाल्या.

विलासरावांनी एका रसवंतीपाशी, कडुनिंबाखाली गाडी घेतली. रसवंतीवाली साठीची, चपळ बाई होती. सासूबाईंना उतरताना पाहून ती धावतच आली. “काय व्हयनं वो ताई? (काय झालं हो ताई?) माय, आठे सावलीमा बठ (इथे सावलीत बस).” तिने त्यांना बाजेवर निजवलं, स्वतःचा उभा पंखा त्यांच्याकडे वळवला आणि ओला पंचा मानेवर ठेवला.

“परत फिरू या,” विलासराव मला बाजूला घेऊन म्हणाले. “धुळ्याच्या पुढे याहून ऊन आहे. आईच्या जिवाशी खेळ नको.”

“अहो, अर्धा तास द्या मला. नाही जमलं तर मीच गाडी वळवा म्हणेन.”

बोलले खरी, पण खात्री नव्हती. कारखान्यात तपासणीचं टेबल होतं, सुटे भाग होते, शंका आली तर विचारायला माणसं होती. इथे एक मीटर, पक्कड आणि दोन स्क्रूड्रायव्हर.

आधी एसीला वीज पुरवणाऱ्या बॅटऱ्या पाहिल्या. व्होल्टेज ठीक होतं. मग गाडीच्या मागे लावलेल्या एसीच्या पेटीला कान लावला. कॉम्प्रेसर घुमत होता, पण त्याच्या पुढचा पंखा गप्प उभा. म्हणजे आतली उष्णता काढली जात होती, पण ती बाहेर फेकणारं कोणी नव्हतं. एवढ्यात टक् असा आवाज झाला आणि तापलेला कॉम्प्रेसर आपणहून बंद पडला. तो निवेपर्यंत वीस मिनिटं थांबले. पुन्हा चालू केला आणि जाळीतून उसाचं एक बारीक चिपाड घालून पंख्याचं पातं ढकललं. पंखा सावकाश फिरू लागला. मला हायसं वाटलं. मोटार जळाली असती तर ढकलूनही ती फिरली नसती. तिला सुरुवातीचा धक्का देणारा कपॅसिटर गेला असणार.

वीज बंद करून झाकण उघडलं. कपॅसिटर फुगला होता. त्यावरचा आकडा वाचला आणि माझी नजर रसवंतीच्या पंख्याकडे गेली. विलासरावांनी सासूबाईंना वर्तमानपत्राने वारा घालायला घेतला, मी तो पंखा बंद करून मागचं झाकण उघडलं. तोच आकडा.

“मावशी, तुमच्या पंख्यातला हा डबा थोडा वेळ मिळेल का? माझा अंदाज बरोबर असेल तर मालेगावातून नवा आणून बसवून देते.”

“लई जाय (घेऊन जा),” ती म्हणाली. “मना पंखा काय पळी जावाव नही (माझा पंखा काही पळून जाणार नाही).”

मी तारा जोडल्या, कळ दाबली. पातं थरथरलं आणि एकदम वेगात फिरू लागलं. दहा मिनिटांत गाडी आतून गार झाली. आम्ही सासूबाईंना पलंगावर आणून निजवलं. रिक्षाने मालेगावात गेलेले विलासराव नवा कपॅसिटर घेऊन परतले तोवर सासूबाई उठून रस पीत होत्या. मी मावशींचा पंखा पूर्ववत करत होते, तेव्हा मावशींनी त्यांना विचारलं, “हाई कोन शे तुनी? (ही कोण तुझी?)”

“सून,” सासूबाई म्हणाल्या आणि माझ्याकडे बघत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी पहाटे महेश्वरच्या घाटावर त्या माझा आणि विलासरावांचा हात धरून पाण्यात उतरल्या. तीन डुबक्या घेतल्या आणि चौथीही घेतली. नावेतून पैलतीर पाहिला, गरम पोहे-जिलबी खाल्ली. चार दिवस गाडी घरासारखी गार राहिली.

परतल्यावर संध्याकाळी शेजारणी गाडी बघायला खाली जमल्या. मी आत फ्रिज पुसत होते. बाहेर सासूबाई त्यांना एसीची पेटी दाखवत होत्या.

“लग्नानंतर पहिल्याच वर्षी मी हिला कारखाना सोडायला सांगितलं होतं,” त्यांचा आवाज आला. “हिने ऐकलं नाही. बरं केलं.”

एवढी वर्षं झाली, आमच्यात तो विषय पुन्हा कधी निघाला नव्हता. मी आतच बसून राहिले, हातातलं फडकं तसंच. महेश्वर फार सुंदर आहे, जरूर जा. पण या प्रवासात मी सर्वांत लांब कुठे पोहोचले म्हणाल, तर आमच्याच दारात.