भाऊंच्या हातातली सुरी

आलुबुखारवाल्या भाऊंनी विकायच्या फळाला कधी सुरी लावली नाही. सातासमुद्रापलीकडून आलुबुखार आणून विकणारा माणूस, पण शेडमध्ये सुरी एकच, तीही पेट्यांच्या पट्ट्या कापायला. एखादं गिऱ्हाईक म्हणालं, "भाऊ, एक कापून दाखवा की," तर भाऊंचा चेहरा असा पडायचा, जणू त्यांच्या आईबापाबद्दल कुणी वेडंवाकडं बोललंय. "कापून काय बगायचं? पोरगी बगायला गेल्यावर काय तिचं दात मोजत्यात व्हय?" मी म्हणायचे, "भाऊ, पूर्वी चालवूनसुद्धा बघायचे!" त्यावर ते फळ देठाजवळ अंगठ्याने हलकेच दाबायचे, नाकाशी न्यायचे आणि गिऱ्हाइकाच्या हातावर ठेवायचे. "घ्या. हितं इस्वासावर धंदा चालतो." आणि खरं सांगते, चालायचा.

मी लोणावळ्याची. शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झाले आणि घरी बसून सुनेच्या कामात नाक खुपसण्यापेक्षा बरं, म्हणून कामशेतला भाऊंच्या शेडमध्ये परदेशी मेल लिहायला जायला लागले. भाऊ मूळचे वडिवळ्याचे, भातवाले. वाशीच्या बाजारातून परदेशी आलुबुखार उचलायचा आणि लोणावळ्याच्या हॉटेलांना, कार्ल्याच्या रस्त्यावरच्या गाड्यांना द्यायचा, अशी त्यांची सुरुवात. पुढे थेट चिलीच्या बागवाल्याशी बोलणं सुरू झालं. भाऊ मजकूर सांगायचे, "बाई, लिवा, राम राम. घरची समदी बरी हायेत का?" मी म्हणाले, "भाऊ, धंद्याच्या पत्रात असं विचारत नाहीत." "का वो? त्यांना घर न्हाई?" लिहिलं बापडीने. तिकडून उत्तर आलं, आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, आता बरी आहे. भाऊंनी माझ्याकडे असं बघितलं, की मी पुन्हा कधी त्यांच्या पत्रातलं काही गाळलं नाही.

आलुबुखारावर पांढरट पावडर असते बघा, बोट लागलं की निघून जाणारी? भाऊ तिला अंगारा म्हणत. "झाडानं लावून धाडलाय, पुसू नगा गं," असं दिवसातून कितीदा तरी ओरडत. शेडमध्ये वडिवळ्याच्या दहा-बारा बायका फळं निवडून छोट्या डब्यांत भरायच्या. त्यांची मुकादम म्हणजे शेवंता मावशी. भाऊंची पाठ वळली की ती हळूच एखादं फळ पदराला पुसून चकचकीत करायची आणि म्हणायची, "बाई, शहरातल्या मान्सांना अंगारा न्हाई कळत वो. त्यांना वाटतंय औषध मारलंय." भाऊंना ते मागे न बघताही कळायचं. "शेवंते!" की हिचा हात खाली.

आणि एक नियम होता, त्याला मात्र कुणी हात लावायचं नाही. माल आला की पहिली पेटी कार्ल्याच्या गडावर, एकवीरा आईला. ती परत येईपर्यंत कुणी फळ चाखायचं नाही. उष्टं झालेलं आईला कसं दाखवायचं? भाऊ स्वतः खांद्यावर पेटी घेऊन पायऱ्या चढायचे, नैवेद्य दाखवून तशीच परत आणायचे, मग शेडमधली प्रत्येक बाई एकेक फळ प्रसाद म्हणून खायची. दहा-बारा तोंडं गोड झाली की भाऊ म्हणायचे, "सोडा गाड्या." मला हे भाबडेपणाचं वाटायचं. आमच्याकडे मालाची तेवढी एकच तपासणी होती, हे तेव्हा माझ्याही ध्यानात आलं नाही, भाऊंच्याही नाही.

त्या वर्षी भाऊंनी पहिल्यांदा अख्खा कंटेनर स्वतःच्या नावावर मागवला. तोवर दुसऱ्यांच्या मालात वाटा घ्यायचे. बाजारातल्या मोठ्या लोकांनी तो वाटा देणं बंद केलं होतं. आता एक तर स्वतःचा माल, नाही तर शेडला कुलूप. जे होतं नव्हतं ते भाऊंनी त्या एका डब्यात घातलं. बायकांना त्यांनी गोळा करून सांगितलं, "ह्यो डबा नीट आला तर तुमास्नी चाकणच्या कंपनीत उभ्यानं काम करायला जावं लागायचं न्हाई. एवढा माझा शब्द." शेवंता मावशी तेव्हा हसली नाही. तिची सून चाकणलाच जायची, पहाटेच्या गाडीने.

बोट निघाली आणि मधल्याच एका बंदरात आमचा डबा अडकला. दुसऱ्या बोटीवर चढवायचा होता, ती बोट त्याला न घेताच पुढे गेली. मी रोज फोनवर नकाशा उघडायचे. निळ्या पाण्यात एक ठिपका, हलायला तयार नाही. भाऊ माझ्या खुर्चीमागे उभे राहायचे. "सरकला का, बाई?" "नाही, भाऊ." "थोडासुदिक?" शेवटी शेवटी मी नकाशा मोठा करून दाखवायचे, म्हणजे ठिपका जरा तरी हलल्यासारखा वाटेल. भाऊ जेवायचे नाहीत. जेवणाचा डबा उघडायचे, बंद करायचे. एकदा मला म्हणाले, "फळ म्हंजी जीव हाय वो. किती दिस अंधारात, गारठ्यात बसंल? मान्सासारकं ओरडाया तरी येतंय का त्याला?" मी बोटवाल्यांना मेल लिहीत राहिले, तिकडून 'लवकरच' एवढाच शब्द येत राहिला.

डबा आला तो नेमका चैत्रातल्या एकवीरेच्या यात्रेच्या दिवशी. सकाळी घाट चढून गाडी शेडवर आली, दार उघडलं आणि गार वाफेतून फळं दिसली. काय सांगू! गडद जांभळी, टणक, अंगाऱ्यासकट. शेवंता मावशीने कानशिलावर बोटं मोडली. भाऊंनी डोळे पुसले आणि लगेच पेटी खांद्यावर घेतली. इकडे फोनवर फोन. गाडेवाले, हॉटेलवाले, सगळे कधीपासून ताटकळलेले आणि यात्रेच्या गर्दीत माल तासाभरात खपणार. भाऊ गडाच्या पायथ्याशी अडकले. पालख्या, बँड, मुंगीला शिरायला जागा नाही. दुपारी त्यांचा फोन आला, मागून नुसता ढोलांचा आवाज. "बाई, गाड्या सोडा." मी म्हणाले, "आणि प्रसाद? निदान एक फळ कापून तरी बघू का?" "न्हाई न्हाई! आदी आईला. मी रांगेत हाय, पोचलोच समजा. लोकं किती दिस थांबलीत वो. सोडा तुमी." गाड्या सुटल्या.

पुढचं भाऊंनी मला नंतर सांगितलं, एकदाच. संध्याकाळी नैवेद्य दाखवून झाला. रांगेत एक कोळीण म्हातारी होती, उन्हाने दमलेली. भाऊंनी तिच्या हातावर पहिलं फळ ठेवलं, "घ्या आजी, आईचा प्रसाद." तिने चावा घेतला आणि थांबली. आत सगळं तपकिरी, पिठूळ, पाण्याचा थेंब नाही. भाऊ म्हणाले, "आजी, टाका ते, टाका." म्हातारीने मान हलवली. "आईचा प्रसाद टाकू कसा रे बाबा?" आणि एकेक घास गिळत तिने ते सगळं खाल्लं. बी कपाळाला लावून कनवटीला बांधली. "बाई, ती खात व्हती आन् मी बगत व्हतो," एवढं सांगून भाऊ उठून गेले.

गडावरून ते पायऱ्या कसे उतरले देव जाणे. शेडवर आले तेव्हा माझा फोन वाजून वाजून गरम झाला होता. सगळ्यांची एकच तक्रार. भाऊंनी पट्ट्या कापायची ती सुरी घेतली, पेटी ओढली आणि खाली बसले. एक फळ कापलं. तपकिरी. दुसरं. तपकिरी. "ह्ये बरं असंल," म्हणून तिसरं. मग दुसरी पेटी, मग अगदी मागच्या रांगेतली. "आतल्या अंगाचं बरं असंल. ह्ये बगा, ह्ये लय टणक हाय." सगळं वरून तसंच देखणं आणि आत मेलेलं. बायका भोवती उभ्या होत्या. शेवटी शेवंता मावशीने त्यांचं मनगट धरलं. "भाऊ, बास करा. हात कापलाय तुमचा." रक्त कधीचं वाहत होतं. भाऊंनी तिच्याकडे बघितलं आणि लहान पोरासारखे विचारायला लागले, "एक बी न्हाई का गं? येवढ्यात एक बी न्हाई?"

दुसऱ्या दिवशी भाऊ स्वतः फिरून प्रत्येक गाड्यावरून, हॉटेलातून माल परत घेऊन आले. मी चिलीच्या बागवाल्याला कळवलं, फोटो पाठवले. उत्तर अगदी सभ्य भाषेत आलं. निघताना फळ उत्तम होतं. आपण दार उघडल्यावर कापून तपासलंत का? न तपासता विकायला काढलंत, म्हणजे माल स्वीकारलात. मी चिडून चिडून लिहिलं, आयुष्यभर शिकवलेलं सगळं इंग्रजी ओतलं, काही उपयोग झाला नाही. बोटवाले बंदराकडे बोट दाखवत होते, बंदरवाले बोटीकडे. भाऊ म्हणाले, "सोडा, बाई. ते बरूबर बोलत्यात. मीच इस्वास ठेवला." मग म्हणाले, "त्यांच्या आईचा गुडगा कसा हाय, इचारा." ते मात्र मी नाही विचारलं. माझ्याने झालं नाही.

शेडला कुलूप लागलं. शेवंता मावशी या वयात पहाटेच्या गाडीने चाकणला जायला लागली. भाऊ कुणाला दिसेनासे झाले.

पुढच्या हंगामात मी कार्ल्याला गेले होते. हायवेच्या कडेला एका गाड्यावर गर्दी होती, म्हणून थांबले. गाडा दुसऱ्याचा होता, विकायला भाऊ होते. वाळलेले, दाढी वाढलेली. हातात सुरी. प्रत्येक गिऱ्हाइकाला फळ शर्टाला पुसून, कापून, फोड पुढे करत होते. "आदी खावा. खाऊन बगा, मंगच घ्या." फळांवर अंगाऱ्याचा मागमूस नव्हता. मी पुढे होऊन म्हणाले, "भाऊ, एक किलो द्या. आणि कापायचं नाही हं. न कापता द्या."

भाऊंनी सुरी खाली ठेवली. "बाई, तुमी तरी असं म्हणू नगा."

"का? माझा विश्वास आहे तुमच्यावर. द्या पिशवीत घालून."

त्यांनी वजन केलं, पिशवी दिली, माझ्याकडे न बघता. मी रिक्षापर्यंत पोचले असेन नसेन, मागून हाक आली, "बाई, थांबा! थांबा वो!" भाऊ गाडा तसाच टाकून धावत येत होते, अनवाणी, हातात सुरी. आल्या आल्या त्यांनी पिशवी माझ्या हातातून काढून घेतली आणि तिथेच रस्त्याच्या कडेला कट्ट्यावर बसले. एक फळ काढलं, पुसलं, कापलं. आत पिवळंधमक, रस बोटांवर ओघळला. मी म्हणाले, "बघा, चांगलं आहे की भाऊ. बास आता." "ह्ये हाय चांगलं. फुडचं?" पुढचंही चांगलं होतं. त्याच्या पुढचंही. मी म्हणत होते, भाऊ पुरे, भाऊ माझ्याकडे बघा, आणि त्यांचा हात थांबत नव्हता. पिशवी रिकामी होईपर्यंत त्यांनी कापलं. एकही खराब निघालं नाही.

मग त्या फोडींच्या ढिगाकडे बघून ते ओशाळले. "माफ करा, बाई. आता ही घरापतुर टिकायची न्हाईत. हितंच खावा."

मी त्यांच्या शेजारी कट्ट्यावर बसले आणि खायला लागले. फार गोड होती. भाऊंनी स्वतः एकही उचलली नाही. मी फोड तोंडात घातली की श्वास धरून ते माझ्या तोंडाकडे बघत राहायचे, मी गिळेपर्यंत.