छावणीच्या फोटोतला बैल

सातवीतून शाळा सुटली आणि मी सावंतवाडीहून थेट यवतमाळात, फोटोफ्रेमच्या दुकानात आलो. मालकांनी ठेवून घेतलं, हे उपकारच. म्हणून काच जरा वाजली तरी मला घाम फुटतो.

एकदा नेरकडच्या बंजारा तांड्यावरची एक म्हातारी इंग्रजांच्या छावणीचा जुना फोटो घेऊन आली. साहेबाने तिच्या पणजाला बक्षीस दिलेला. साहेब छावणी सांभाळायचा म्हणे; फोटोत तरी तो एका कडेला चहाचा कप सांभाळत होता. शेजारी मडम, बाळ, कुत्रा. खाली सगळ्यांची नावं, कुत्र्याचंसुद्धा. दुसऱ्या कडेला गोणी लादलेला बैल आणि दोरी धरलेला माणूस, बिननावाचे.

फोटो फ्रेमीत मावत नव्हता. अशा वेळी कडेचं कापायचं, हा मालकांचा नियम. मी बैलाच्या बाजूने कापायला पट्टी लावली, तसा म्हातारीने तिथे अंगठाच दाबला.

"हा माहा पणजा हाय. यानं धान्य आणलं म्हणून ते खाऊन राह्यले. कापाचं असन त साहेबाले काप!"

"आजी, मालक मला काढून टाकतील."

तिने आत हाक दिली, "ओ शेठ! साहेबाले मीच कापाले लावलं. पोरावर खवळू नका."

आतून कोणी खवळलं नाही. पणजा, बैल, गोण्या, सगळं फ्रेमीत आलं. साहेब कपासकट गेला. कुत्रा तिने राहू दिला.