लतिकाची किंकाळी

लतिका पेंडसे पडद्यावर कधी दिसली नाही. मेली मात्र पुष्कळदा. कुणी गळा दाबला, कुणी जिन्यावरून ढकललं, एकाने आगगाडीच्या डब्यात सुरा खुपसला.

पडद्यावर हे सगळं भोगायची ती व्हेरा लॉर्न, हॉलिवूडची नटी. तिचे सिनेमे हॅम्बर्गच्या एका स्टुडिओत जर्मन बोलू लागायचे. पण संवाद म्हणणारी जर्मन नटी किंचाळली की तिचा घसा बसे आणि काम अडे. सत्तावन्न साली एका सिनेमातल्या भारतीय बाजारासाठी गलका हवा होता, म्हणून मराठी विद्यार्थ्यांना बोलावलं. नवऱ्याबरोबर लतिकाही गेली. हत्ती उधळल्यावर ओरडायचं होतं. ती अशी ओरडली, की दिग्दर्शकाने यंत्र थांबवून विचारलं, "कोण ही?"

तेव्हापासून व्हेराचे शब्द जर्मन नटीचे आणि किंकाळ्या लतिकाच्या. फिल्मचा तुकडा टोकाला टोक जोडून फिरवत ठेवायचे. ओठ जुळेपर्यंत तीच थोबाडीत, तोच सुरा. सराव ती घरी करायची. खालच्या मजल्यावरच्या पेटरसनना आधीच सांगून आली होती.

"जा, जा," म्हातारा हसला होता, "मरा खुशाल!"

नवरा मोहन जहाजबांधणीत डॉक्टरेट करत होता. प्रबंध परत आला की त्याचा हात सुटे. लतिका तोंडात पदर कोंबून मार खायची. परक्या मुलखात शोभा नको.

बासष्टच्या हिवाळ्यात सिनेमा पाहून आलेल्या प्राध्यापकाने चारचौघांत थट्टा केली, "पेंडसे, काल तुमची बायको काय सुंदर मेली!" त्या संध्याकाळी मोहनने घरात शिरताच कोळशाचं फावडं उचललं.

"उद्यापासून स्टुडिओ बंद."

"अहो, सिनेमा अर्धा झालाय. एवढा होऊ दे—"

"मी इथे बोटी बांधायला आलो. आणि लोक ओळखतात कशाने? बायको बोंबलते म्हणून!"

फावडं मनगटावर बसलं. हाड मोडल्याचं तिला ऐकू आलं. दुसरा घाव खांद्यावर. आता तिने पदर शोधला नाही. जीव खाऊन किंचाळली.

खालून झाडूच्या दांड्याची ठकठक झाली. "ब्राव्हो, फ्राऊ पेंडसे! कालच्यापेक्षा झकास!"

मोहन थबकला, मग हसला. "ऐकलंस? ओरड की आणखी."

त्याने कानशिलावर हाणलं. तोंडात रक्त आलं. ती पुन्हा ओरडली आणि खाली टाळ्या वाजल्या. तेव्हा तिला कळलं, आपण जितकं ओरडू तितकं याला मोकळं रान.

ती लाकडी जमिनीवर पडली होती. फळ्यांशी तोंड नेऊन, दूधवाल्याला हाक मारावी तशा आवाजात जर्मनमध्ये म्हणाली, "पेटरसनसाहेब, माझा हात मोडलाय. हा मला मारून टाकतोय. वर या."

टाळ्या थांबल्या. पाठीत घाव बसला. तिने तेच वाक्य तशाच आवाजात पुन्हा म्हटलं.

जिना धडधडला. दार एका धक्क्यात आत आलं.

"सराव चाललाय," मोहन म्हणाला.

पेटरसनने तिचं मनगट पाहिलं. उभी हयात गोदीत पोती उचललेला माणूस तो. फावडं हिसकावून त्याने दांड्यानेच मोहनला गळ्याशी भिंतीवर दाबलं. "जा पोरी," तो म्हणाला, "खाली जा."

लतिका भिंत धरत उतरली. वरून मोहनच्या मराठी शिव्या येत होत्या, मग विनवण्या. पहिल्या मजल्यावरच्या बाईने आपला कोट तिच्या अंगावर चढवला, आणि सुजलेला हात बाहीत जाईना तेव्हा कात्री आणून बाहीच उभी चिरली.