नाकाला फडकं, हाताला पाणी नाही

तार आली तेव्हा मी शहाद्याच्या शाळेत वर्गावर होतो. पुरुषोत्तम गेला. तापीकाठच्या आमच्या गावातून डॉक्टर होऊन मुंबईच्या प्रयोगशाळेत पोलिओवर काम करणारा माझा बालमित्र पोलिओनेच गेला. आधी ताप, मग पाय, मग श्वास... आता काही आठवडे उलटले, पण मला रडू येत नाही, संताप येतो.

तिथे तो माकडांवर प्रयोग करायचा. हा रोग नाकावाटे शिरतो, असं त्याचे साहेब ठामपणे मानत. पुरुषोत्तमला संशय होता तोंडाचा. मागच्या दिवाळीत घरच्या केळीच्या बागेत फिरताना त्याने सांगितलं, की केळ्यातून विषाणू चारलेल्या माकडांचे मागचे पाय लुळे पडले. ती माकडं त्याचा हात ओळखायची. साहेब म्हणाले, "खाताना नाकात गेलं असेल." मग त्याने नळीने विषाणू थेट पोटात सोडले. पुन्हा एक माकड लुळं पडलं. "ओकताना नाकात चढलं असेल," साहेब म्हणाले.

"सगळा नाकले फडकं बांधतस, आन् हात न धोता तठेच भाकर खातस!" बागेत तो चिडून म्हणाला होता. पिंजऱ्यांच्या खोलीत नळ नव्हता. त्याने मागितला, तर उत्तर मिळालं, "हे काय स्वयंपाकघर आहे?" तो स्वतः खाली अंगणात जाऊन हात धुऊन यायचा, पण वर सगळ्यांना माठ एकच, पेला एकच.

त्याचं सामान आणायला मी गेलो, त्या दिवशी तिथे शोकसभा होती. साहेब म्हणाले, पुरुषोत्तमने विज्ञानासाठी देह ठेवला. ठेवला? मी उभा राहिलो आणि विचारलं, "नळ बसवला का?" साहेब चष्मा पुसत म्हणाले, "ही ती वेळ नव्हे, मास्तर."

गावी परतलो, तेव्हा त्याची आई चुलीपुढे होती. "मन्हा पोऱ्या कसा गया रे, भाऊ?" मी सगळं सांगितलं. भाकरी थापणारे तिचे हात थांबले.

"आन् तो सायेब?"

"तठेच शे, मावशी."

"तठेच शे..." ती म्हणाली, आणि तव्यावरची भाकरी करपली तरी उलटली नाही.

त्या घराच्या मागच्या दारी, मोरीजवळ, पुरुषोत्तमने दिवाळीत ठोकलेली एक फळी आहे. तिच्यावर साबणाची वडी असते. शेतातून आलेली पोरं आधी तिथे जातात. वडी संपली की मावशी नवी ठेवते. एवढंच तर तो साहेबांकडे मागत होता.