शिमल्याहून आणलेली दोरी

राघो मुकादम शिमल्याच्या सडकेवर दोन वर्षं राबून कल्याणला परतला, तो तिथली एक खोड घेऊनच. तिकडे थंडीत सडकेखालचं पाणी गोठून सडक फुगायची आणि ऊन तापलं की खचायची. म्हणून दोन्ही कडांना खुंट्या ठोकून आडवी दोरी ताणायची आणि रोज सकाळी तिच्याखाली किती बोटं मावतात ते बघायचं, हे काम राघोकडे होतं.

इथे खाडीकाठच्या वळणावर सडक दरसाल खचायची आणि दरसाल वरून नवी खडी टाकली जायची. राघोने तिथेही दोरी ताणली, तेव्हा ओव्हरसियर गुरुदत्तराव हसले. "अरे राघो, कल्याणात बर्फ कधी पडायचा?"

"बर्फ नाही पडायचा, रावसाहेब. पण पाणी तेच की."

आठ महिने राघोने बोटं मोजली. चाराची पाच झाली, सहा झाली, पण पावसाने नव्हे. दर अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणानंतर. खाडीचं पाणी सडकेच्या पोटात शिरत होतं आणि खडी वरून पडत होती. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. राघोने हट्टाने खाडीच्या अंगाला बांध घातला, चर खणला आणि मगच सडक सारखी केली.

पुढच्या वर्षी सगळ्यात मोठ्या उधाणाच्या दुसऱ्या सकाळी गुरुदत्तराव स्वतः आले. धोतर सावरून उकिडवे बसले आणि दोरीखाली हात सरकवला. चार बोटं गेली, अंगठा काही मावेना.

माती झटकत ते म्हणाले, "पुढच्या वळणावरही खुंट्या ठोक. मोजायला मी येतो."